न्यू जर्सीहून पाच दिवस: वॉशिंग्टन डीसी की शिकागो?

रावपुरेकर

नमस्कार मंडळी,

मेमध्ये शाळेला सुटी लागली की आम्ही पाच जण वडोदऱ्याहून निघतोय. व्हिसे आहेत, मुंबई–न्यूअर्क जाण्यायेण्याची तिकिटंही झाली. मुक्काम एडिसनला धाकट्या भावाकडे, तीन आठवडे. न्यू यॉर्क तिथूनच येऊनजाऊन करू. नायगारा या खेपेला नको असं घरात ठरलंय. मधले पाच दिवस, म्हणजे चार रात्री, एकाच शहरात काढायच्या आहेत आणि तिथेच गाडं अडलंय. बाबांना वॉशिंग्टन बघायचंय, चिरंजिवांना शिकागोच्या इमारती.

माणसं: आम्ही दोघं, मुलगा ११, बाबा ७१, आई ६६. आईचे गुडघे धड नाहीत. अर्धा तास चालली की बसायला जागा लागते, जिना उतरताना जास्त त्रास. भाऊ बरोबर येणार नाही आणि तिथे गाडी चालवायची माझी तयारी नाही. सगळे शाकाहारी, बाबांना अंडंही चालत नाही. भाड्यापासून जेवणापर्यंत तीन हजार डॉलरच्या आत बसवायचंय. मेचा शेवटचा आठवडा किंवा जूनचा पहिला, दोन्ही चालतील.

‘दोन्ही शहरं छान आहेत’ एवढं सोडून काहीही सांगा.

---

सुरसागरकाठ

डीसी घ्या. तुमच्या बाबतीत शहर कुठलं सरस हा प्रश्नच नाही, पाच दिवसांतले तुमच्या हातात किती उरतात ते बघा.

शिकागोचा हिशेब दारापासून दारापर्यंत मांडा. एडिसनहून न्यूअर्क विमानतळ अर्धा तास, दोन तास आधी पोचायचं, विमानात अडीच तासांच्या वर, शिकागोच्या ओहेर विमानतळावर उतरून बॅगा घेऊन ब्लू लाइनची लोकल गाठायची आणि मग शहरात यायला पाऊण तास. साडेसहा-सात तास गेले. शिकागोचं घड्याळ एक तास मागे असल्यामुळे जाताना तो तास मिळाल्यासारखा वाटतो, परतताना तो द्यावा लागतो. हाती पूर्ण दिवस उरतात तीन. जूनमध्ये दुपारनंतर वादळी पाऊस झाला की ओहेर आणि न्यूअर्क दोन्हीकडची विमानं रखडतात, आणि हा उशीर दिवसभर साचत जातो. म्हणून शिकागो केलंत तरी विमान सकाळचंच घ्या, संध्याकाळचं स्वस्त तिकीट बघून भुलू नका.

डीसीला एडिसनच्या बाजूलाच मेट्रोपार्क स्टेशन आहे. तिथून अॅमट्रॅक या रेल्वे कंपनीची नॉर्थईस्ट रीजनल गाडी तीन तासांच्या आसपास थेट वॉशिंग्टन युनियन स्टेशनला आणते. स्टेशन शहराच्या मध्यात, खाली मेट्रो. घरातून नऊला निघालात तर दुपारी एक-दीडला हॉटेलवर.

तिकिटाचं गणित विमानासारखंच आहे, तारीख जवळ आली की भाव चढतो. बुकिंग ११ महिने आधी उघडतं. आज काढलंत तर माणशी ४०–५० डॉलरच्या आसपास मिळू शकेल, आदल्या दिवशी तेच शंभराच्या वर जातं. ६५ पूर्ण झालेल्यांना १० टक्के सूट आणि २ ते १२ वर्षांच्या मुलाला निम्मं भाडं. ही सूट आपोआप लागत नाही, प्रवासी निवडताना ‘सीनियर’ आणि ‘चाइल्ड’ असं निवडावं लागतं. सगळ्यांना ‘अॅडल्ट’ टाकून तिकीट काढायची चूक सर्रास होते.

आणखी काही बारकावे. रीजनलच्या साध्या डब्यात गाडीत जागा पक्की असते, पण सीट नंबर मिळत नाही. गाडी न्यू यॉर्कहून भरून येते, तेव्हा पाच जण एकत्र बसणं कठीण; आई आणि मुलाला आधी चढवा, तुम्ही सामान घेऊन मागून. गाडी मेट्रोपार्कला जेमतेम मिनिट-दोन मिनिटं थांबते, आपल्या स्टेशनसारखा चहा घेण्याइतका वेळ नसतो. फलाट डब्याच्या पातळीला आहे, चढायला पायरी नाही, गुडघ्यांना बरं. ‘क्वाएट कार’ लिहिलेल्या डब्यात शिरू नका, तिथे फोन आणि मोठ्याने बोलणं चालत नाही, आणि आपण पाच जण म्हटल्यावर ते जमायचं नाही.

सगळ्या गाड्या मेट्रोपार्कला थांबत नाहीत. नाइलाजाने दुसरीकडून घ्यावी लागली तर ‘न्यूअर्क पेन’ आणि ‘न्यू यॉर्क पेन’ ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, आणि न्यूअर्क विमानतळाचं स्टेशन तिसरंच. तिकिटावरचं नाव मोठ्याने वाचून घ्या.

खर्चाचा ढोबळ अंदाज: शिकागोला पाच जणांची विमानं जाऊनयेऊन हजाराच्या आसपास धरा, वर बॅगांचे पैसे (चेक-इन बॅगेला एका दिशेला साधारण ३५–४०, काही कंपन्यांच्या सगळ्यात स्वस्त तिकिटात वरच्या कप्प्यातली बॅगही बसत नाही). तिथे नदीची फेरी, एक उंच मनोरा आणि एक म्युझियम एवढंच केलंत तरी पाच जणांचे पाचशे डॉलर ओलांडतात. डीसीत स्मिथसोनियन संस्थेची म्युझियमं, प्राणिसंग्रहालय, कॅपिटॉल (म्हणजे संसदभवन), स्मारकं, सगळं फुकट. तीन हजारांत डीसी बसतं. शिकागो ओढून ताणून साडेतीनला जाईल.

---

वारसियाकर

सुरसागरकाठ, हिशेब मान्य. पण डीसीत गुडघ्यांची वाट लागते हे तुम्ही सांगितलंच नाही. नकाशावर म्युझियमं एकमेकांना खेटून दिसतात. प्रत्यक्षात कॅपिटॉल ते लिंकन स्मारक तीन किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे आपल्या वडोदऱ्यात मांडवीपासून रेल्वे स्टेशन, आणि तेही डोक्यावर सावली नसलेल्या मैदानातून (‘नॅशनल मॉल’ म्हणतात ते हेच). मध्ये रिक्षा नाही.

---

कमाटीबागवाला

वारसियाकरांचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून डीसी गुडघ्यांच्या हिशेबाने कसं करायचं ते लिहितो. लांब होईल.

पहिली गोष्ट, इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत ‘नॅशनल मॉलवर सर्क्युलेटर बस घ्या’ असं अजून वाचायला मिळतं. ती बससेवा ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाली. तिच्या भरवशावर आईंना घेऊन निघालात तर मैदानाच्या मधोमध अडकाल. आता पर्याय तीन: मेट्रो, टॅक्सी, किंवा तिकीट काढून चढाउतरायची पर्यटक बस. पाच जणांसाठी अॅपवर साधी गाडी मागवू नका, ती चौघांचीच असते आणि ड्रायव्हर पाचव्याला घेत नाही. ‘एक्सएल’ मागवायची. शहराच्या मध्यभागात एका फेरीला २०–२५ डॉलर धरा. दिवसातून एकदा हे पैसे खर्च करा, गुडघ्याच्या गोळ्यांपेक्षा बरे.

दुसरी: स्मिथसोनियनच्या म्युझियममध्ये हाताने ढकलायची व्हीलचेअर फुकट मिळते. आधी येईल त्याला, राखून ठेवता येत नाही, म्हणून दहाला दार उघडतानाच पोचा. आपल्याकडची मोठी माणसं ‘मला काय झालंय’ म्हणून खुर्चीत बसायला तयार होत नाहीत. त्यांना सांगा की खुर्ची पर्स आणि पाण्याच्या बाटल्या ठेवायला घेतलीय. तासाभराने आपणच बसतील.

म्युझियमं दहा ते साडेपाच, वर्षात फक्त २५ डिसेंबरला बंद. दिवसाला दोनच. एका म्युझियममध्ये अडीच तासांच्या वर कुणाचंही लक्ष टिकत नाही, अकरा वर्षांच्या मुलाचं तर नाहीच.

एअर अँड स्पेस म्युझियम तुमच्या मुलासाठी. राइट बंधूंचं १९०३ चं विमान, अपोलो ११ चं कमांड मोड्यूल, आणि बोटाने शिवता येणारा चंद्रावरचा खडक. प्रवेश फुकट, पण वेळ ठरलेला पास ऑनलाइन घ्यावा लागतो. पास माणशी लागतो, कुटुंबाला एक नव्हे. काही आठवडे आधीचे संपले असतील तर त्याच दिवशी सकाळी थोडे नवे सुटतात, पण सुटीच्या दिवसांत ते झटक्यात जातात. नॅचरल हिस्टरीला पास लागत नाही. तिथे होप हिरा आहे, ४५.५२ कॅरट, मूळचा आपल्या गोवळकोंड्याकडच्या खाणीतला. त्याच्याभोवती दुपारी माणसांची भिंत उभी असते. उघडल्या उघडल्या आधी तो बघा, हत्ती आणि डायनोसॉर मागून.

कॅपिटॉल: फेरी फुकट, वेळ आधी ऑनलाइन ठरवा, रविवारी बंद. दार पूर्वेच्या बाजूला, जमिनीखाली. इथे वडोदऱ्याच्या माणसाची हमखास फजिती होते, कारण आत खाण्याचा कुठलाही पदार्थ चालत नाही. बंद पाकीटसुद्धा नाही, फळही नाही. पाण्याची बाटली रिकामी असेल तरच. थेपल्यांचा डबा आणि सुखडी घेऊन रांगेत उभे राहिलात तर दारात कचऱ्याच्या डब्यात टाकावं लागेल, किंवा एकाला बाहेर बसून संपवावं लागेल. त्या दिवशी डबा हॉटेलवरच ठेवा. आत कॅन्टीन आहे.

कॅपिटॉलमधून लायब्ररी ऑफ काँग्रेसला जमिनीखालून बोगदा जातो. रस्ता ओलांडायला नको, ऊन नको, बाहेरची रांग नको. आईंसाठी हाच मार्ग. पण लायब्ररी रविवार-सोमवार बंद असते आणि तिलाही फुकटचा वेळेचा पास लागतो. थोडक्यात कॅपिटॉलचा दिवस मंगळवार ते शनिवार यातला ठेवा. लायब्ररीच्या मोठ्या दालनाचं छत बघायला मान वर करून पंधरा मिनिटं सहज जातात. बाबांना तिथे सोडा आणि मुलाला बाहेर आईसक्रीम द्या.

वॉशिंग्टन मॉन्युमेंट (५५५ फूट) वर लिफ्ट आहे. ऑनलाइन तिकिटाला माणशी एक डॉलर, त्याच दिवशीचं तिथल्या खिडकीवर फुकट, पण सकाळी लवकर जावं लागतं. विजा किंवा जोराचा वारा असला की बंद. वर नाही गेलात तरी खालून एक गोष्ट मुलाला दाखवा: साधारण १५० फुटांवर दगडाचा रंग बदलतो. १८५४ मध्ये पैसे संपून काम थांबलं ते वीसेक वर्षं रखडलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा दगड दुसऱ्या खाणीचा आला. सरकारी काम कुठलंही घ्या.

स्मारकं मात्र दिवसा बघूच नका. लिंकन, जेफर्सन, मार्टिन ल्युथर किंग, सगळी चोवीस तास उघडी असतात. जूनच्या सुरुवातीला सूर्य साडेआठच्या सुमाराला मावळतो. सातला हॉटेलवर जेवून, आठला टॅक्सीने लिंकनला. ऊन नाही, गर्दी कमी, संगमरवरावर दिवे. पायऱ्या ५८ आहेत. लिफ्टची सोय आहे, पण ती चालू आहे का हे त्या दिवशी विचारून घ्या. आईंना उतरताना त्रास होतो म्हणालात, तेव्हा लिफ्ट बंद असेल तर खालून दर्शन.

प्राणिसंग्रहालयात (तेही फुकट, पण प्रवेशपास लागतो) जानेवारी २०२५ पासून दोन पांडा लोकांना बघायला मिळतात. नावाने जवळचं मेट्रो स्टेशन वुडली पार्क, पण तिथून चढ आहे. जाताना एक स्टेशन पुढे क्लीव्हलँड पार्कला उतरा, तिथून रस्ता बराच सपाट. परतताना वुडली पार्कला उतारावरून या. आतली मेख वेगळीच: दारापासून आत सगळा उतार, म्हणजे जाताना झकास आणि येताना दम. पांडा वरच्या बाजूला आहेत. ते बघून आईबाबांना वरच बाकावर बसवा, खाली सिंहांपर्यंत तुम्ही आणि मुलगा जा.

व्हाइट हाऊसच्या आत जायची आशा ठेवू नका. परदेशी माणसाला आपल्या दूतावासामार्फत विचारावं लागतं आणि पाच दिवसांच्या सहलीत ते जमेलच असं नाही. लाफायेत चौकातून बाहेरून फोटो. दहा मिनिटांचं काम.

तारखेबद्दल: मेचा शेवटचा सोमवार म्हणजे मेमोरियल डे. त्या शनिवार-रविवारला जोडून अर्धी अमेरिका फिरायला निघते, रेल्वेची तिकिटं चढतात आणि सोमवारी मिरवणुकीसाठी कॉन्स्टिट्यूशन अॅव्हेन्यूसारखे रस्ते बंद असतात. त्याच्या पुढच्या मंगळवारी निघा. हवा २६–३० अंश, दमट. वडोदऱ्याच्या ४२ अंशांतून आलेल्याला ऊन काहीच वाटणार नाही, घाम मात्र वाटेल. उलट म्युझियमच्या आत एसी इतका असतो की आईंना शाल लागेल.

---

मिशिगनकाठ

इतकं वाचून शिकागोचा पक्ष कुणी घेणार नाही असं दिसतंय, म्हणून मी घेतो.

डीसीत पाच दिवस म्हणजे म्युझियम, म्युझियम आणि म्युझियम. तिसऱ्या दिवशी मुलगा कंटाळतो. शिकागोत बघायचं ते रस्त्यावरच उभं आहे. १८७१ च्या आगीत शहर जळालं आणि मग जे बांधलं त्यातून गगनचुंबी इमारतींची सुरुवात झाली. नदीचा उलटा प्रवाहसुद्धा माणसाने केलेला, १९०० मध्ये, कारण शहराची घाण सरोवरात जाऊन पिण्याचं पाणी नासत होतं. इमारतींची आवड असलेल्या मुलाला हे पुस्तकातून सांगण्यापेक्षा दीड तासाच्या नदीफेरीत दाखवा. फेरीत आईंना एक पाऊल चालायचं नाही. गुडघ्यांचाच प्रश्न असेल तर हा मुद्दा शिकागोच्या बाजूचा आहे.

फेरीबद्दल: शिकागो आर्किटेक्चर सेंटरची घ्या, त्यांचे मार्गदर्शक शिकवून तयार केलेले असतात. बाकीच्या कंपन्यांत विनोद जास्त. वरच्या उघड्या मजल्यावर बसा, टोपी घाला. धक्का नदीच्या पातळीवर आहे, रस्त्यावरून खाली पायऱ्या उतरून जायचं. पायऱ्या नसलेली वाट आहे, ती तिकिटाच्या पानावर आधीच वाचून ठेवा, ऐनवेळी शोधत बसू नका. आणि वॅकर ड्राइव्हवर टॅक्सी मागवाल तेव्हा जपून, हा रस्ता एकावर एक मजल्यांचा आहे. फोनचं जीपीएस खालच्या मजल्यावर गोंधळतं, तुम्ही वर आणि गाडी खाली असा लपंडाव होतो. पुलापासून एक गल्ली आत जाऊन गाडी बोलवायची.

पैसे वाचवायचे तर एकच मनोरा करा. विलिस टॉवरचा १०३ वा मजला जास्त उंच, काचेच्या खोक्यात उभं राहता येतं, पण रांग लांब. हॅनकॉकचा ९४ वा मजला सरोवराच्या बाजूला, दृश्य जास्त चांगलं. ढग खाली असतील त्या दिवशी दोन्हीकडे पांढरं दूध दिसतं आणि पैसे परत मिळत नाहीत; तिकीट त्याच दिवशी सकाळी आभाळ बघून काढा. स्वस्तातलं म्हणाल तर ब्राऊन लाइनची लोकल. एका तिकिटात गाडी इमारतींच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांना घासून लूपभोवती, म्हणजे शहराच्या मध्यभागाभोवती, वळते. आई खिडकीशी बसून सगळं बघतील. व्हेंट्राचं, म्हणजे तिथल्या लोकल-बसचं, एकच कार्ड पाचही जणांना चालतं, पाच वेळा टेकवायचं.

मिलेनियम पार्कातला चकचकीत ‘बीन’ अनिश कपूर यांचा, मूळ मुंबईचे. समोरच आर्ट इन्स्टिट्यूट. ११ सप्टेंबर १८९३ ला विवेकानंद बोलले ते याच इमारतीत. मुख्य जिन्याच्या पायऱ्यांवर चित्रकार जितीश कल्लाट यांनी त्या भाषणाचे शब्द दिव्यांनी मांडले होते, २०१० मध्ये. (अवांतर: १९३३ मध्ये शिकागोतच भरलेल्या धर्मपरिषदेत आपले सयाजीराव महाराज बोलले होते. बाबांना हे सांगून बघा, पक्ष बदलतील.) १४ वर्षांखालच्यांना आर्ट इन्स्टिट्यूटला तिकीट नाही. आठवड्यात बंद असणारे दिवस बघून जा.

आता प्रामाणिकपणे उणी बाजू. मेचा शेवटचा आठवडा शिकागोत हॉटेलसाठी सगळ्यात वाईट. मेच्या मध्यावर रेस्टॉरंटवाल्यांचं प्रचंड प्रदर्शन, आणि मे-जूनच्या सांध्यावर कर्करोगतज्ज्ञांचं अधिवेशन, दोन्ही मॅककॉर्मिक प्लेसला. खोल्या दुप्पट भावाला जातात. हॉटेलवरचा कर १७ टक्क्यांच्या वर. सरोवर मेमध्ये अजून थंड असतं, वारा तिकडून वळला की तासाभरात दहा अंश उतरतात, तेव्हा जाकीट लागेल. विमानतळाजवळचं स्वस्त हॉटेल घेऊ नका. वाचवलेले पैसे रोजच्या दीड तासाच्या लोकलमध्ये जातात.

---

खंडेरावमार्केट

न्यू यॉर्कहून शिकागोला ट्रेन नाही का? विमानाचा त्रासच नको.

---

सुरसागरकाठ

आहे, लेक शोर लिमिटेड. वीस तासांच्या आसपास लागतात. पाच दिवसांतले दोन गाडीतच गेले. बर्थ हवी तर विमानापेक्षा महाग.

मिशिगनकाठ यांचा फेरीचा मुद्दा मात्र बिनतोड. मुलासाठी शिकागो जास्त चांगलं, हे मीही नाकारत नाही. पण सहलीत पाच माणसं आहेत, आणि तारखा मे अखेरच्या.

---

मांडवीचाराही

खाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून.

शिकागोत देसी जेवण डेव्हन अॅव्हेन्यूला, शहरापासून रेड लाइनने लोयोलापर्यंत आणि मग १५५ नंबरची बस, एकूण तास. रोज जमणार नाही. डीप डिश पिझ्झा शाकाहारी मिळतो, पण भट्टीत ४०–४५ मिनिटं लागतात. भूक लागल्यावर आत शिरलात तर मूल रडकुंडीला येतं. आधी ऑर्डर नोंदवा. माणशी दोन तुकडे खूप झाले. बाबांसाठी विचारून घ्या, कणकेत अंडं असतं का.

डीसीत मॉलवर गाड्यांवर फलाफल, चीज पिझ्झा, फ्राइज. तीन दिवसांनी कंटाळा येतो. म्हणून हॉटेल घेताना ‘किचन असलेला सुइट’ बघा. रॉसलिन, क्रिस्टल सिटी भागात असे बरेच आहेत: शेगडी, फ्रिज, भांडी, दोन बेड आणि ओढून काढायचा सोफा. साध्या खोलीत चारच माणसं घेतात, पाचव्याला दोन खोल्या कराव्या लागतात. बुकिंगमध्ये पाच जण खरे लिहा. एडिसनच्या ओक ट्री रोडवरून दहा-पंधरा थेपले, लोणचं, पोहे, खिचडीचं सामान घेऊन जा.

एक सूचना अगदी जवळून: त्या शेगडीवर फोडणी करताना मोहरी तडतडली आणि मिरची जळली की छतावरचा स्मोक अलार्म वाजतो, आणि तो आपण बंद करू शकत नाही. आधी एक्झॉस्ट पंखा पूर्ण वेगाने लावा, आच मध्यम ठेवा, मिरची तेलात टाकण्याऐवजी भाजीत वरून घाला. हिंग-जिऱ्यावर भागवा.

---

रावपुरेकर

सर्वांचे आभार. घरी वाचून दाखवलं. डीसी ठरलं, मेमोरियल डे नंतरच्या मंगळवारी. चिरंजिवांना पुढच्या खेपेला शिकागोचं वचन द्यावं लागलं. रॉसलिनला किचनचा सुइट घेतोय, पाच माणसं लिहून. दोन शंका:

मेट्रोला आपलं बँकेचं कार्ड चालेल का? आणि परतीची गाडी शनिवारी घ्यावी की शुक्रवारी संध्याकाळी?

---

कमाटीबागवाला

कार्ड: मेट्रोच्या गेटला टॅप होणारं क्रेडिट-डेबिट कार्ड २०२५ पासून चालतं. पण शिकागोसारखं नाही, इथे एका कार्डावर एकच माणूस. पाच जणांना पाच वेगळी कार्डं लागतील. बँकेच्या अॅपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘कॉन्टॅक्टलेस’ ही दोन बटणं वेगळी असतात. लोक पहिलं चालू करतात, दुसरं विसरतात आणि गेटवर अडकतात. शिवाय प्रत्येक टॅपला परकी चलनाचं शुल्क लागतं ते वेगळंच. तेव्हा युनियन स्टेशनच्या मशिनवरून पाच स्मार्टट्रिप कार्डं घ्या, कार्डाचे दोन डॉलर आणि वर दहा-दहा भरा. भाडं अंतरावर आहे, बाहेर पडतानाही टेकवावं लागतं. कार्ड मुलाकडे देऊ नका. रॉसलिनहून स्मिथसोनियन सहावं स्टेशन, गाडी न बदलता.

लिफ्ट प्रत्येक स्टेशनला आहे, पण तिचं दार एस्कलेटरच्या दारापासून लांब, कधी चौकाच्या दुसऱ्या कोपऱ्यात असतं. पहिल्या दिवशी रॉसलिनची लिफ्ट कुठे निघते ते एकदा बघून ठेवा.

परतीसाठी शुक्रवार संध्याकाळ नको. डीसीतली नोकरदार माणसं त्याच वेळी घरी निघतात, गाडी डीसीतच भरते आणि तिकीटही महाग. शनिवारी सकाळी दहा-अकराची घ्या.

---

सुरसागरकाठ

आणि युनियन स्टेशनवर गेटपाशी रांग लागते, गाडीच्या आधी अर्धा तास. तिथे लाल टोपीवाले हमाल असतात, ‘रेड कॅप’. अॅमट्रॅकची ही सेवा फुकट आहे, फक्त गणवेश आणि ओळखपत्र बघून घ्या. बॅगेमागे दोन-तीन डॉलर बक्षीस देण्याची पद्धत आहे. गाडीच्या पाऊण तास आधी काउंटरवर जाऊन आईंचे गुडघे सांगा. ते सामानासकट तुम्हाला रांगेच्या आधी फलाटावर नेतात, आणि मग पाच सीट एकत्र मिळतात. पासपोर्ट मात्र खालच्या बॅगेत टाकू नका, गाडीत ओळखपत्र मागू शकतात आणि झेरॉक्स चालत नाही.